एकतीस अंगठे आणि एक नाव

भागीमावशी माणसांना माशांची नावं ठेवायची. आमच्या कोळंबीच्या कारखान्याचे शेट म्हणजे घोळ मासा. मोठा, महाग, आणि आपल्या खोल पाण्यातनं सहसा वर न येणारा. फाटकावरचा म्हातारा वॉचमन म्हणजे बोंबील. "कणाच नाय मेल्याला, कोण पण आत जातो." आणि आमचा सुपरवायझर म्हणजे शिंगाळा. शिंगाळ्याच्या अंगाला विषारी काटे असतात. जाळ्यातनं सोडवताना एखादा हाताला लागला की खांद्यापर्यंत ठणका जातो.

"दिसायला गरीब हां शिंगाळा," मावशी सांगायची. "मिशा बघून हसू येतं. पण हातात घ्यायचा नाय."

मला तिनं पहिल्याच दिवशी मांदेली करून टाकलं. मांदेली म्हणजे बोटाएवढी मासळी, काट्यासकट खाता येते ती. मी जतकडची. आमच्याकडं प्यायचं पाणी बघायला मिळायचं नाही, तिथं मासे कुठले? मांदेली म्हणजे काहीतरी गोड नाव असेल असं समजून मी हसले, तर सगळं टेबल माझ्यावर हसलं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे माझी सून. तिच्या ऑफिसात सगळ्या बायकांना एका खोलीत बसवून तासभर शिकवलं म्हणे. कामाच्या ठिकाणी कुणी त्रास दिला तर काय करायचं, तक्रार कुठं करायची, समितीत कोण कोण आहे. तिनं तो छापील कागद घरी आणला. मी सातवीत शाळा सोडलेली, पण वाचायला मला आवडतं. चष्मा लावून दोनदा वाचला. एकटं जाऊ नका, स्पष्ट नाही म्हणा, घडलं त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, तारीख-वेळ लिहून ठेवा. सून म्हणाली, "आई, तुमच्या वेळी असलं काहीच नसेल, नाही का?"

मी म्हटलं, "भागीमावशी होती."

त्यावर तिनं "कोण?" म्हणून विचारलं, आणि मला एका वाक्यात सांगता येईना. म्हणून हे लिहायला घेतलंय. वर्षं मागंपुढं होत असतील, पण ऐंशीनंतरचीच ती चार वर्षं.

माझं पहिलं लग्न विसाव्या वर्षी झालं आणि वर्षाच्या आत मोडलं. का मोडलं ते इथं नको. वडील म्हणाले, रत्नागिरीला आत्याकडं जा, थोडे दिवस लोकांच्या नजरेआड राहा. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते बर्फाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांनी सुपरवायझरकडं शब्द टाकला आणि मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या कारखान्यात मला काम लागलं. रोज सकाळी डबा हातात देताना आत्या बजावायची, "सायबांच्या उपकारानं लागलीयास. उलट बोलू नगंस. हितनं सुटलीस तर तुला कुठं ठिऊ मी?"

आणि मला खरोखरच उपकार वाटायचे. आत्याचे, मामांचे, सुपरवायझरचे, त्या कारखान्याच्या पत्र्याचेसुद्धा. ज्याला परत जायला जागा नसते तो सगळ्यांचा ऋणी असतो, आणि ते समोरच्याला लगेच ओळखू येतं. शिंगाळ्याला ते पहिल्याच आठवड्यात ओळखू आलं असणार.

काम असं. ट्रॉलरवरनं कोळंबी यायची, बर्फासकट स्टीलच्या लांब टेबलांवर ओतायची. आम्ही दोन्ही बाजूंना उभ्या. डोकं मोडायचं, अंगठ्याच्या नखानं साल सोडवायची, पाठीतला काळा धागा ओढून काढायचा, मांस बर्फाच्या पाण्यात टाकायचं. दिवसभर हात त्या पाण्यात. कोळंबीचं पाणी बोटं खातं. पहिल्या महिन्यात कातडी पांढरी होऊन फुगते, मग सोलते, मग बोटांची टोकं गुळगुळीत होतात, नदीतल्या खड्यासारखी. भात खाताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मावशी एका जुन्या पत्र्याच्या डब्यात तुरटी ठेवायची. सुट्टी झाली की तुरटीच्या पाण्यात एकेकीचे हात बुडवून घ्यायची आणि वर खोबरेल चोळायला लावायची. तिच्याजवळ गेलं की कायम तुरटीचा आणि मशेरीचा वास यायचा.

तिचं वय पन्नाशीच्या आसपास असेल. बुटकी, रुंद खांद्याची, गुडघ्याच्या खाली जेमतेम पोचणारं लुगडं. नवरा मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा घरी आला आणि पडवीत बसून सुंभाचे दोर वळायला लागला. "एवढे दोर वळलेन," मावशी म्हणायची, "की रत्नागिरी बांधून मुंबईला ओढत नेता येईल." घर तिच्या हातांवर चालायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते करताना तिच्याकडं गमावण्यासारखं काही नव्हतं असं कुणाला वाटू नये.

माल परदेशी जायचा, म्हणून स्वच्छतेचा फार बाऊ. आत जाताना औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, केस फडक्यात बांधायचे, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवायच्या. आणि मग हातांची तपासणी. सुपरवायझर रांगेतनं यायचा, प्रत्येकीचा हात आपल्या हातात घ्यायचा, उलटा-सुलटा करून बघायचा. नखं कापलीत का, जखम आहे का.

म्हाताऱ्या बायकांचे हात तो बघितल्यासारखं करून सोडायचा. आमचे सोडायचा नाही. अंगठा आमच्या तळव्यावरनं हळूहळू फिरवायचा. "हात गार का एवढा? झोप झाली नाही वाटतं?" असं, अगदी हळू, शेजारणीला ऐकू जाणार नाही असं. माझ्याजवळ आला की एक वाक्य ठरलेलं. "मी लावली ना तुला कामाला? मग हसायला काय होतं?"

मी हसायचे. हे लिहायला लाज वाटते, पण मी हसायचे.

तक्रार तरी काय करणार? हात धरला म्हणून? हात धरणं हे तर त्याचं कामच होतं. मला वाटायचं माझंच मन वाईट. टाकलेली बाई, हिला सगळीकडं तेच दिसतं, असं लोक म्हणतील. पंधरा-वीस दिवस मी कुणाला बोलले नाही. मग एकदा तपासणीनंतर माझ्या हातातनं कोळंबी सारखी निसटायला लागली. मावशी समोरच्या बाजूला उभी होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय गो मांदेली, थरथरतेस कशाला?"

"काही नाही."

"काही नाय तर खाली का टाकतेस?"

मी सांगितलं. म्हटलं, "तसं त्यानं काहीच केलं नाही मावशी. हातच बघितला. मलाच कसंतरी होतं."

तिनं हातातली कोळंबी सोलून पाण्यात टाकली. मग म्हणाली, "डॉक्टर तुजा हात धरतो. बांगड्या भरणारा कासार धरतो. तेव्हा असं होतं?"

"नाही."

"मग झालं. अंगाला आधी कळतं बाय, डोक्याला मागनं कळतं. अंगाचं ऐकायचं." आणि पुढं, "माजं चुकलं. मी आदीच बघायला पायजे होतं. म्हातारी झालंय, माजा हात कोण धरत नाय, म्हणून मला दिसलं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगाळा रांगेच्या तोंडाशी आला. तिथं मावशी. तो म्हणाला, "हात." मावशीनं दोन्ही तळवे टेबलावर पालथे घातले, मग उताणे केले.

"घ्या बघून."

"वर कर."

"कशाला? तपासणी डोळ्यांनी करायची ना, सायब? का तुमाला चष्मा लागला?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या शेजारच्या बाईनं तळवे टेबलावर ठेवले. मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता सगळ्या टेबलावर तळवेच तळवे, बाजारात पापलेटं मांडावीत तसे. मीही माझे त्या गार स्टीलवर ठेवले. शिंगाळा हात पाठीमागं बांधून आख्ख्या रांगेतनं गेला. माझ्याजवळ आल्यावर फक्त बघितलं. पण तळव्याला कुणाचा अंगठा लागला नव्हता.

त्या दिवसापासून आमचा नियमच झाला. हात टेबलावर. नवीन पोरगी आली की मावशी तुरटीच्या डब्याबरोबर हेही सांगायची.

हाताचं जमेना तेव्हा त्यानं थंडी खोली धरली. गोठवलेल्या मालाची ती खोली. जाड दार, आतनं आवाज बाहेर येत नाही, दोन मिनिटांत कान बधिर होतात. आधी ट्रे आणायला दोघी-तिघी जायच्या. तो आता एकेकीला नावानं पाठवायला लागला, आणि मागनं माल बघायच्या निमित्तानं आपण जायचा.

मावशीनं जोड्या लावून दिल्या. "वाघरात पण दोघीनी जायचं," ती म्हणाली. म्हणजे संडासातसुद्धा. माझी जोडी सुनंदाशी. ती आतल्या खेड्यातली, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी, नवरा मुंबईला हॉटेलात. बोलायची कमी, पण हसायला लागली की हुंदके दिल्यासारखी हसायची, थांबायचीच नाही.

एकदा सुनंदा रजेवर होती. शिंगाळ्यानं मला एकटीला आत धाडलं. कोट एकच होता, तो घालून मी गेले. ट्रे मोजतेय तोवर दार उघडलं आणि तो आत आला. आणि त्याच्या पाठोपाठ, कोटबिट काही नाही, ओल्या लुगड्यात भागीमावशी.

"तू कशाला?" तो म्हणाला.

"हिला तिखलं शिकवायचं राह्यलंय. घाटावरची पोर, हिला काय येत नाय." आणि त्या बर्फात उभी राहून ती मोठमोठ्यानं सांगायला लागली. "बांगडा घ्यायचा गो ताजा. हळद, मीठ, लाल तिखट चोळायचं. कोकमं टाकायची चार. तिरफळं ठेचून. फोडणी नाय द्यायची, फोडणी दिलीस तर सासू घरातनं काढील. वरनं कच्चं खोबरेल..."

दात वाजत होते तिचे. तोंडातनं वाफ येत होती. शिंगाळा तसाच निघून गेला. आम्ही बाहेर आलो तेव्हा तिची बोटं निळी पडली होती. मी रडायला लागले, तर म्हणाली, "रडतेस काय? तिरफळं किती ती सांग आदी."

अजून मी तिखलं करते तेव्हा फोडणी देत नाही.

पण जोडी माझ्यामुळंच तुटली. हे मी आजपर्यंत सुनेलाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सुनंदा आणि मी दोघी ट्रे आणायला निघालो होतो. शिंगाळा दाराशी भेटला. मला म्हणाला, "तुझ्या गावाकडनं फोन आलाय. शेटच्या ऑफिसात. लवकर जा."

आमच्या गावात फोन एकच, पोस्टात. तिथनं फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं, याशिवाय दुसरा अर्थच नव्हता. आई का वडील एवढंच डोक्यात आलं. मी पळाले. सुनंदाकडं वळूनही बघितलं नाही. आवार ओलांडून, जिना चढून ऑफिसात गेले. तिथला कारकून म्हणाला, "कसला फोन? सकाळपासून लाइनच बंद आहे."

मी परत पळत आले. थंडी खोलीचं दार बंद होतं. मी ते उघडायला हवं होतं. कडी हातभर अंतरावर होती. मी उभी राहिले. किती वेळ ते आठवत नाही. मग दार आतनं उघडलं, तो बाहेर आला, मला म्हणाला, "आला का फोन?" आणि गेला.

त्याच्या मागनं सुनंदा आली. डोक्याचं फडकं तिच्या मुठीत होतं. ती टेबलाशी गेली आणि सोलायला लागली. संध्याकाळपर्यंत उघड्या केसांनी सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मावशीला मी चौथ्या दिवशी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याच दिवशी सांगायचं होतंस गो." आणि सुट्टी झाल्यावर सुनंदाच्या खोलीवर गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच थकवा बघितला. सुनंदा नवऱ्याच्या चुलत्याबरोबर गावी निघाली होती. तिचं एकच म्हणणं होतं, माझं नाव कुठं येऊ देऊ नका.

"तिचं नाव नाय घालायचं," मावशी म्हणाली. "मग आपली घालू."

रविवारी दुपारी मावशीच्या पडवीत मी अर्ज लिहिला. शेटना. कागदावर माझ्याइतकं बरं अक्षर कुणाचं नव्हतं, सातवीपर्यंत गेलेली मीच. मावशी सांगत होती. तिला तारखा येत नव्हत्या, पण एकही दिवस ती विसरली नव्हती. "लिही. मोठ्या उधाणाच्या आदल्या दिवशी, करपाली कोळंबी आली होती तेव्हा, पयल्या टेबलावरच्या पोरीचा हात पिरगाळलान. लिही. नारळी पुनवेनंतर बोटी पयल्यांदा गेल्या, बारका माल आला, तेव्हा हिच्या पाठीमागं उभा ऱ्हायला. कोण बघत होतं? दोघी. त्या दोघींना विचारून लिही." मी कॅलेंडरवर तिथी बघून तारखा घालत गेले. एकवीस गोष्टी निघाल्या. मला वाटलं होतं माझी एकटीचीच असेल.

मग नावांचा प्रश्न आला. नाव घालायला कुणी पुढं होईना. ज्यांना सही येत होती त्याही नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "अंगठे मारू या. अंगठा खरा पण असतो, आणि नाव पण दिसत नाय." सगळ्यांना ते एकदम पटलं. रेशनला अंगठा चालतो, जमिनीच्या कागदावर चालतो, मग इथं का नाही? मलाही पटलं. सही येत असून मला पटलं. मी मावशीला म्हटलं, "मीही अंगठाच मारते. आत्या मला घरात ठेवायची नाही."

"मार," ती म्हणाली. "मांदेलीकडं कुठनं काटा आणायचा?" तिनं ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पण स्वतःबद्दल तिचं वेगळंच होतं. "सगळे अंगठेच असले तर कागद मुका. एक तरी नाव पायजे. माजं नाव लिवायला शिकव."

मग पंधरा दिवस अर्ज तिच्या मशेरीच्या डब्याखाली पडून राहिला आणि चहाच्या सुट्टीत, ठेचलेल्या बर्फाच्या ढिगावर, मी तिला नाव गिरवायला शिकवलं. भागीरथी. बोटानं लिहायचं, हातानं पुसायचं. 'थ' तिला येता येईना. "ही वाकडी कोळंबी कुठनं आणलीस?" म्हणायची. आडनाव मी सांगायला लागले तर म्हणाली, "ता नको. ता नवऱ्याचं. त्याला कशाला बुडवू?"

शेवटी रेशनच्या दुकानदाराकडनं शाईचा पॅड मागून आणला. एकतीस बायकांनी अंगठे मारले. निळे, गोल, ठळक. आम्हाला ते फार छान दिसले. त्या सगळ्यांच्या खाली पेन्सिलीनं, एकेक अक्षर उभं करून, भागीरथी.

सोमवारी मावशी तो कागद शेटना देऊन आली. बुधवारी सकाळी शेट स्वतः आवारात आले. आम्हाला सगळ्यांना रांगेत उभं केलं. शिंगाळा बाजूला, हात पाठीमागं बांधून. शेट ओरडले नाहीत. ते कधीच ओरडायचे नाहीत. त्यांनी कागद उन्हात वर धरला.

"भागीरथीबाई, हे अंगठे कुणाचे?"

"आमचे सगळ्यांचे."

"सगळ्यांचे म्हणजे एकाच बाईचे. एकीनंच एकतीस वेळा मारलाय. बघा, एकाही अंगठ्यात रेष आहे का?"

रेष नव्हती. लांबनंसुद्धा दिसत होतं. निळे गुळगुळीत ठिपके, एकासारखा एक. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. रोज आम्ही आमच्याच हातांकडं बघत होतो.

मावशी म्हणाली, "रेषा होत्या, शेट. तुमच्या कोळंबीनं खाल्ल्या."

शेट थोडे हसले. म्हणाले, "असं? मग सोपं आहे. ज्यांचे अंगठे आहेत त्यांनी एक पाऊल पुढं यावं."

मावशी पुढंच उभी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिला ठाऊक असणार. वळली असती तर आमच्यातल्या एकेकीशी तिची नजर भिडली असती, आणि मग आम्हाला दुसऱ्या दिवशी एकमेकींची तोंडं बघणं जड गेलं असतं. कुणी पाऊल टाकलं नाही. मी माझ्या पायांकडं बघत होते. मला वाटत होतं, आता टाकीन, आता टाकीन.

"आणि हा अर्ज कुणी लिहिला?"

माझ्या कानात थंडी खोलीसारखं झालं.

"मी," मावशी म्हणाली.

"तुम्हाला लिहिता येतं?"

"येतं."

शेटनी खिशातलं पेन काढून दिलं. कागद उलटा केला. मावशी आवारातल्या सिमेंटच्या कट्ट्यापाशी बसली आणि लिहायला लागली. 'भा'. मग 'गी'. किती वेळ लागला असेल? कावळे ओरडत होते, खाली बंदरात कुणीतरी इंजिन चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ते परत परत बंद पडत होतं. 'थ'पाशी ती थांबली. मी मनातल्या मनात तो बर्फावर काढला. तिनं काढला. कागद शेटच्या हातात दिला.

"येतं लिवायला," ती म्हणाली.

अर्जाचं अक्षर आणि हे अक्षर यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो शेटना कळत होता. पण त्यांना हवं होतं तेवढं मिळालं होतं. एक नाव. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." सुपरवायझरला म्हणाले, "भोंगा द्या."

मावशीनं फडकं सोडलं, बांगड्या चढवल्या, तुरटीचा डबा मात्र टेबलाखालीच ठेवला. आम्ही कामाला लागलो.

तिच्यानंतर हात टेबलावर ठेवण्याचा नियम काही महिने टिकला. मग आधी दुसऱ्या टेबलावरनं गेला, मग आमच्या. एखादी नवी पोरगी यायची, तिला ठाऊक नसायचं. मी सांगायचे, पण तिच्यासारखं मोठ्यानं सांगता यायचं नाही. माझे हात मी ठेवत राहिले, एवढं खरं. शिंगाळा नंतरही होताच. सुनंदा पुन्हा दिसली नाही. तिच्याबद्दल दोन-तीन गोष्टी कानावर आल्या, त्यातली कुठली खरी ते मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही.

मावशीकडं मी गेले नाही. तिच्या पडवीच्या रस्त्यानं जाणंच टाळायचे. मी कामावर आणि ती घरी, अशा तोंडानं काय जायचं?

वर्ष-दीड वर्षानं आत्यानं मला एकदा सकाळी मिरकरवाड्याला बांगडे आणायला पाठवलं. लिलाव संपत आला होता. बर्फाच्या गाडीआडून मला ती दिसली. आता ती डोक्यावर पाटी घेऊन गल्लीबोळांत मासे विकायची. पाटी भरून ठेवली होती आणि उचलायला कुणी येतंय का बघत उभी होती. मी गाडीच्या मागं सरकले.

"मांदेली! चाकामागं काय मिळतं काय?"

मी पुढं आले. तिथं एक मोडका लाकडी खोका पालथा पडला होता. ती त्याच्यापाशी वाकली आणि आपला उजवा हात त्यावर उताणा ठेवला. मग थांबली. माझा हात तिनं धरला नाही. मी आपण होऊन माझा तिच्या शेजारी ठेवेपर्यंत थांबली.

उन्हात दोन अंगठे शेजारी शेजारी. तिच्या अंगठ्यावर बारीक, आखल्यासारख्या, गोल गोल रेषा. मध्यभागी भोवऱ्यासारख्या. माझा तसाच, नदीतल्या खड्यासारखा.

"माज्या आल्या बघ परत," ती म्हणाली. "आता मारला तर दिसंल."

मग माझ्या अंगठ्याकडं बघून म्हणाली, "तुजी तुरटी संपली काय गो? लावत जा." आणि पाटीकडं वळली.

पाटी जड होती. मी एका बाजूनं हात लावला आणि ती तिच्या डोक्यावर चढवून दिली. तिच्यासाठी मी केलं ते एवढंच.